डॉ. फ्रेडरिक अकबर महंमद : लघवीच्या रिपोर्टआधी नाडी बघणारा डॉक्टर

मुलाचा घसा दुखतो, तीन-चार दिवस ताप येतो आणि औषधाने तो उतरतो. मूल पुन्हा शाळेत जायला लागतं. दोन-तीन आठवड्यांनी एके सकाळी त्याचे डोळे सुजलेले दिसतात, लघवी कोऱ्या चहासारखी होते. घरच्यांना वाटतं झोप नीट झाली नसेल, पाणी कमी प्यायलं असेल. मग मुलाचं डोकं दुखू लागतं, उलट्या होतात, समोरचं धुरकट दिसतं म्हणून ते घाबरतं आणि अचानक त्याला फिट येते. ज्या घरात आजवर कुणाला फिट आलेली नाही, तिथे अशा वेळी सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळतं. मनात पहिली शंका येते ती मेंदूच्या तापाची किंवा मिरगीची.

पण आधी चेहऱ्यावर सूज आणि लघवीचा रंग गडद, आणि मग फिट, असा क्रम असेल तर आम्हा डॉक्टरांच्या डोक्यात आणखी एक शक्यता यायला हवी. किडनीला सूज आल्यामुळे मुलाचा रक्तदाब (बीपी) झपाट्याने वाढलेला असतो आणि त्या दाबाने मेंदूत पाणी उतरलेलं असतं. बीपी वेळेत कळलं आणि बेताबेताने खाली आणलं तर बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. ताप गेलेल्या, वरवर बऱ्या दिसणाऱ्या रुग्णाचा दाब बघत राहायला हवा, हे दीडशे वर्षांपूर्वी लंडनमधल्या एका तरुण डॉक्टरने ओळखलं. त्या वेळी बीपीचं मशीनसुद्धा नव्हतं. त्या डॉक्टरची ही ओळख.

पाटण्याहून ब्रायटनला

अकबर महंमद हे नाव आणि लंडनचं हॉस्पिटल, हे कसं जुळलं असं तुम्हाला वाटेल. त्यांचे आजोबा दीन महंमद १७५९ साली बिहारमध्ये, पाटण्याला जन्मले. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालच्या फौजेबरोबर ते लहानपणीच बाहेर पडले आणि १७८४ मध्ये आयर्लंडला जाऊन स्थायिक झाले. १७९४ साली त्यांनी आपल्या प्रवासाचं पुस्तक लिहिलं. भारतीय माणसाने इंग्रजीत लिहून छापलेलं हे पहिलं पुस्तक मानलं जातं. १८१० मध्ये त्यांनी लंडनमध्ये हिंदुस्तानी कॉफी हाऊस नावाची खानावळ काढली, ती फार चालली नाही. पुढे ब्रायटन या समुद्रकाठच्या गावात त्यांनी वाफेची स्नानं आणि चंपी-मालिश सुरू केली आणि त्यात त्यांचा जम इतका बसला की इंग्लंडचे दोन राजे, चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम, त्यांची सेवा घेत. शॅम्पू हा शब्द हिंदीतल्या चांपण्यावरून आला, आणि तो इंग्लंडात घरोघरी पोचवण्यात या आजोबांचा मोठा वाटा आहे.

नातू अकबर ११ एप्रिल १८४९ रोजी ब्रायटनमध्येच जन्मला. वडील तिथे तलवारबाजी आणि व्यायाम शिकवत. अकबरने १८६७ मध्ये ब्रायटनच्या हॉस्पिटलात वैद्यकीची सुरुवात केली आणि दोन वर्षांनी तो लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये दाखल झाला.

हे हॉस्पिटल किडनीच्या आजारांसाठी आधीच प्रसिद्ध होतं. तिथल्या रिचर्ड ब्राइट या डॉक्टरांनी १८२७ साली दाखवून दिलं होतं की अंगाला सूज, लघवीत प्रथिनं आणि खराब झालेल्या किडन्या या तिन्ही गोष्टी एकाच आजाराच्या आहेत. त्यांची तपासणी अगदी साधी होती. चमच्यात लघवी घ्यायची, खाली मेणबत्ती धरायची. अंड्याचा पांढरा भाग शिजल्यावर गोठतो, तसं लघवीत काही गोठलं की त्यात प्रथिनं आहेत. पुढची कित्येक वर्षं डॉक्टर किडनीच्या अशा सुजेला ब्राइट्स डिसीज म्हणत. नियम ठरून गेला होता : लघवी तपासा, प्रथिनं सापडली तर किडनी बिघडली, नाही सापडली तर मूल सुखरूप.

नाडी कागदावर

अकबर महंमद विद्यार्थी असतानाच एका यंत्राच्या नादी लागले. १८६० मध्ये फ्रान्सच्या एत्येन-ज्यूल मारे यांनी ते बनवलं होतं. मनगटावर पट्ट्याने बांधायचं, एक स्प्रिंग नाडीवर टेकवायची, आणि स्प्रिंगला जोडलेली बारीक काडी काजळी धरलेल्या कागदावर प्रत्येक ठोक्याची रेघ ओढत जायची. कागद घड्याळाच्या यंत्राने पुढे सरकायचा. तुम्ही ईसीजीची पट्टी पाहिली असेल, साधारण तशीच नक्षी. फक्त ती विजेची नसून नाडीच्या उसळीची.

यंत्र छान होतं, पण स्प्रिंग नाडीवर किती जोराने दाबली आहे हे त्यात कळत नसे. त्यामुळे आज काढलेली रेघ उद्याच्या रेघेशी ताडून बघता येत नसे. महंमद यांनी त्यात सुधारणा करून तो जोर औंसात मोजण्याची सोय केली. १८७२ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी या यंत्राच्या वापरावर लेखमाला प्रसिद्ध केली. दाब जास्त असलेली नाडी कशी ओळखायची हे त्यांनी नीट मांडलं. अशी नाडी दोन ठोक्यांच्या मधल्या वेळातही रिकामी होत नाही. मनगटावर बोट ठेवलं की ती दोरीसारखी कडक लागते, बोटाखाली इकडून तिकडे सरकते, आणि बंद करायला बराच जोर द्यावा लागतो.

आजच्या डिजिटल मशीनपुढे हे सगळं ओबडधोबड वाटेल. मला मात्र यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्याआधी नाडी ही वैद्याच्या बोटाला कळणारी खासगी गोष्ट होती. आता ती कागदावर आली, दुसऱ्याला दाखवता आली, कालची आणि आजची शेजारी ठेवता आली.

फीव्हर हॉस्पिटलमधले रुग्ण

डॉक्टर झाल्यावर महंमद लंडनच्या फीव्हर हॉस्पिटलमध्ये निवासी डॉक्टर म्हणून राहिले. तिथे स्कार्लेट फीव्हरचे रुग्ण येत, आणि हा आजार मुख्यतः मुलांचा. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूमुळे घसा सुजतो, अंगावर लाल पुरळ उठतं. त्या काळी इंग्लंडमध्ये यात असंख्य मुलं दगावत. जी वाचत, त्यांच्यापैकी काहींना ताप गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी सूज येई, लघवी कमी होई आणि झटके येत. लघवी साचून रक्तात विष झालं म्हणून झटके येतात, अशी तेव्हाची समजूत होती.

महंमद यांनी काय केलं? ताप उतरलेल्या, खाटेवर बसून खेळू लागलेल्या मुलांच्या नाडीच्या रेघा ते काढत राहिले. सोबत रोजची लघवी तपासली. आणि त्यांच्या लक्षात आलं की ज्यांची किडनी पुढे बिघडते, त्यांच्या नाडीचा दाब लघवीत प्रथिनं दिसण्याच्या आधीच वाढतो. त्याच सुमारास ग्वायाकम नावाच्या झाडाचा राळेचा अर्क वापरून लघवीतल्या रक्ताचा अंशही त्यांना सापडत असे. हे त्यांनी १८७४ साली प्रसिद्ध केलं. तेव्हा ते २५ वर्षांचे होते.

दाब वाढलेला दिसला की ते जुलाबाचं औषध देत. बद्धकोष्ठाने दाब वाढतो, पोट साफ केल्याने तो उतरतो आणि पुढचा आजार टळू शकतो, असं त्यांचं मत होतं. हा भाग आज कुणी मानत नाही. अशा मुलाला घरी जुलाबाचं औषध मुळीच देऊ नका. शिवाय आज आपल्याला माहीत आहे की या मुलांचा दाब वाढतो तो किडनी मीठ आणि पाणी नीट बाहेर टाकत नाही म्हणून. म्हणजे दाब वाढतो तेव्हा किडनीत सूज आलेलीच असते, फक्त लघवीच्या तपासणीत ती दिसत नाही. कारण चुकलं, पण निरीक्षण टिकलं. आजही अशी मुलं बघायला मिळतात ज्यांच्या लघवीच्या रिपोर्टमध्ये फारसं काही नसतं, पण बीपी भयंकर वाढलेलं असतं आणि ती थेट फिट घेऊनच हॉस्पिटलात येतात. म्हणून लघवी नॉर्मल आहे एवढ्यावर समाधान मानू नका.

दाबाने मेंदूला नेमकं काय होतं

मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या दाब वाढला की आकसतात, म्हणजे आत जाणारं रक्त बेताचंच राहतं. पण दाब फार वेगाने वाढला तर त्यांची ही ताकद संपते. त्या सैल पडतात आणि माठ पाझरावा तसं पाणी मेंदूच्या पेशींभोवती पाझरतं. डोक्याच्या मागच्या भागात, जिथे दृष्टीचं केंद्र आहे, तिथे हे जास्त होतं. म्हणून या मुलांना धुरकट दिसतं, काहींना तर काही तास अजिबात दिसत नाही, आणि डोळे तपासले तर डोळ्यांत दोष सापडेलच असं नाही.

इथे मुलांची एक गोष्ट लक्षात ठेवा. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या बीपीचा वरचा आकडा साधारण शंभरच्या आसपास असतो. आजोबांचं बीपी दीडशे आलं तर घरात कुणी रडत नाही, कारण त्यांच्या रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं त्या दाबाला सरावलेल्या असतात. मुलाचा शंभरावरून दोन दिवसांत दीडशेवर गेला तर त्याचा मेंदू ते सोसू शकत नाही. तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी योग्य आकडा वय, उंची आणि मुलगा की मुलगी यावरून तक्त्यात बघावा लागतो. तेरा वर्षांपुढे १३०/८० किंवा त्याहून जास्त म्हणजे वाढलेलं. आणि मोजायचा पट्टा मुलाच्या दंडाच्या मापाचा हवा. मोठ्यांचा रुंद पट्टा लहान दंडाला गुंडाळला तर आकडा खोटा कमी येतो, फार अरुंद पट्ट्याने खोटा जास्त येतो. दवाखान्यात मुलाचं वजन होतं, ताप बघितला जातो, बीपी मात्र बऱ्याचदा राहून जातं. तुम्ही आठवण करून दिलीत तर कोणताही समजूतदार डॉक्टर रागावणार नाही.

आपल्याकडे घशापेक्षाही त्वचेच्या जंतुसंसर्गाकडे लक्ष द्यायला हवं. खरजेवर खाजवून पू धरलेले फोड, पावसाळ्यात पायांवर येणारी गळवं, यातही तोच स्ट्रेप्टोकोकस असू शकतो. घशानंतर किडनीची सूज एक ते तीन आठवड्यांनी येते, त्वचेनंतर तीन ते सहा आठवड्यांनी. इतक्या दिवसांनी फोडांची आठवणही राहत नाही, म्हणून डॉक्टरांनी विचारलं तर महिना-दीड महिना मागचं आठवून सांगा. हे एकच कारण नाही, हेही सांगायला हवं. किडनीचे इतर आजार, किडनीच्या किंवा हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीचं अरुंद होणं, स्टिरॉइड, सायक्लोस्पोरिनसारखी औषधं, कॅन्सरची केमोथेरपी यांतही मुलांचं बीपी असं उसळू शकतं. ही औषधं चालू असतील तर डोकेदुखी आणि अंधुक दिसणं अंगावर काढू नका.

फिट आलीच तर मुलाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा किंवा पाणी काही घालू नका. कांदा, चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. किती मिनिटं चालली ते घड्याळात बघा आणि लगेच हॉस्पिटल गाठा. आजोबांची बीपीची गोळी अर्धी करून मुलाला देणं किंवा जिभेखाली ठेवणं धोक्याचं आहे. हॉस्पिटलातही दाब एकदम खाली आणत नाहीत. जेवढा उतरवायचा त्याच्या साधारण पाव भागच पहिल्या आठ तासांत उतरवतात, कारण एकदम पडला तर मेंदूला रक्त कमी पडतं. म्हणून सलाइनमधून औषध देऊन मुलाला आयसीयूत ठेवलं जातं. तिथे सतत मोजत राहणं हाच मुख्य उपचार असतो. सोबत मीठ आणि पाणी मोजून, लघवी वाढवण्याचं औषध, फिटचं औषध. सीटी स्कॅनमध्ये काही दिसलं नाही तरी एमआरआयमध्ये मेंदूच्या मागच्या भागातली सूज दिसू शकते.

बहुतेक मुलं काही दिवसांत शुद्धीवर, ताळ्यावर येतात, दिसायला लागतं, आणि एमआरआयमधली सूज काही आठवड्यांत जाते. या आजाराच्या इंग्रजी नावात बरा होणारा अशा अर्थाचा शब्द आहे खरा, पण ती हमी नव्हे. उशीर झाला, फिट फार वेळ चालली किंवा मेंदूत रक्तस्राव झाला तर कायमचं नुकसान होऊ शकतं.

पुढची दहा वर्षं

महंमद तिथेच थांबले नाहीत. १८७७ मध्ये ते गाइज हॉस्पिटलला रजिस्ट्रार म्हणून परतले आणि मोठ्या माणसांच्या नाड्या बघू लागले. अनेक लोक धडधाकट दिसत होते, लघवी स्वच्छ होती, पण नाडी कायम कडक. किडनी बिघडल्याशिवायही दाब वाढलेला असू शकतो आणि तोच पुढे हृदय, मेंदू आणि किडनीला खातो, हे त्यांनी १८७० च्या दशकाच्या शेवटी मांडलं. आज तुमच्या घरात कुणी कोणताही त्रास नसताना बीपीची गोळी घेत असेल, तर त्या गोळीमागचा विचार हाच आहे.

याच काळात, नोकरी सांभाळून, त्यांनी केंब्रिजची पदवी घेतली आणि १८८१ मध्ये गाइजमध्ये सहायक फिजिशियन झाले. मग ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या एका कामाची जबाबदारी त्यांनी अंगावर घेतली. देशभरच्या साध्या फॅमिली डॉक्टरांना छापील कार्डं पाठवायची, न्यूमोनियासारख्या आजारांचे त्यांनी पाहिलेले रुग्ण नोंदवून मागायचे आणि सगळं एकत्र करून निष्कर्ष काढायचे. १८८३ मध्ये त्याचा पहिला अंक निघाला. गल्लीतल्या दवाखान्यात बसणाऱ्या माझ्यासारख्या एमबीबीएस डॉक्टरला हा माणूस जवळचा वाटतो तो यामुळे. मोठ्या हॉस्पिटलाबाहेरही ज्ञान आहे, असं त्याला वाटत होतं.

१८८४ च्या शरद ऋतूत फीव्हर हॉस्पिटलच्या कामात त्यांना टायफॉइडची लागण झाली. तेव्हा त्यावर औषध नव्हतं. २२ नोव्हेंबर १८८४ रोजी ते वारले. वय ३५.

त्यांच्या निधनानंतर त्यांचं नाव मागे पडलं. बारा वर्षांनी, १८९६ मध्ये, इटलीत रिव्हा-रोची यांनी दंडाला बांधायचा फुगणारा पट्टा तयार केला आणि १९०५ मध्ये रशियाच्या कोरोटकॉव्ह यांनी त्यात स्टेथोस्कोप जोडला. आकडे मिळू लागले तशी कागदावरची नाडी अडगळीत गेली. दाबाने होणाऱ्या मेंदूच्या बिघाडाला स्वतंत्र नाव मिळायला १९२८ साल उजाडलं. ओपनहायमर आणि फिशबर्ग या अमेरिकन डॉक्टरांनी ते दिलं. एमआरआयमध्ये दिसणारी मागच्या भागातली सूज आणि तिचं उतरणं १९९६ मध्ये १५ रुग्णांच्या अभ्यासातून जगापुढे आलं. महंमद यांची आठवण पुन्हा जागी केली ती ऑस्ट्रेलियाचे हृदयरोगतज्ज्ञ मायकेल ओ'रुर्क यांनी, १९९० च्या दशकात. ते स्वतः नाडीच्या लहरींवर काम करत होते आणि जुने कागद चाळताना त्यांना या तरुण डॉक्टरच्या काजळीवरच्या रेघा भेटल्या.

तुमच्या मुलाला असा त्रास होऊन गेला असेल तर घरी आल्यावर बीपीची वही ठेवा आणि ती दर भेटीत दाखवा. बीपीचं औषध बऱ्याच मुलांना काही आठवडेच लागतं, पण ते डॉक्टरांना विचारूनच थांबवा. फिटचं औषध किती दिवस, हे मुलागणिक वेगळं असतं. लघवीत डोळ्यांना न दिसणारं थोडं रक्त काही महिने, क्वचित वर्षभरही राहू शकतं. त्याने घाबरू नका, तपासणी मात्र चुकवू नका.